त्या दुपारी सरांचा जबडा दुखत होता

सर मला म्हणाले होते. अगदी स्पष्ट म्हणाले होते, "मास्तर, माहा जबडा दुखून राह्यला. हातही जड पडला." शाळेच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो. पंखा फिरत होता, पण ऐकू येऊ नये एवढा काही त्याचा आवाज नव्हता. मी ऐकलं. आणि त्याच संध्याकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांच्या बायकोने मला विचारलं, "भाऊ, हे तुम्हाले काही बोलले नाई का जी?" तेव्हा मी म्हणालो, "नाई वहिनी. काईच नाई बोलले."

खरं तर सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच सांगितलं तर सर कसा माणूस आहे ते कळणार नाही, आणि मी तसं का म्हणालो हे तर अजून मलाच नीट कळलेलं नाही. म्हणून आधी सरांबद्दल लिहितो. आठवेल तसं लिहितो, क्रम लागेलच असं नाही.

गडचांदूरच्या आमच्या शाळेत सर चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. मी शाळेत रुजू झालो त्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी नमस्कार केला, हात मिळवला. सरांनी माझं मनगट धरलं. दोन बोटं नाडीवर ठेवून ते छताकडे बघत राहिले, ओठ हलत होते. मला वाटलं मंत्र म्हणताहेत. मग हात सोडून म्हणाले, "ठीक आहे. पण जरा पळून राह्यला. जिना चढून आले का?"

आमच्या शाळेला जिनाच नाही. सगळी बैठी इमारत.

पुढे कळलं की ते सगळ्यांशीच असं वागतात. मुख्याध्यापक, पालक, तपासणीला आलेले अधिकारी, आठवडी बाजारातली मिरचीवाली. मनगट हातात घेतल्याशिवाय त्यांना माणूस भेटल्यासारखं वाटत नसे. हृदयाला ते 'सालदार' म्हणायचे. आमच्याकडे शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. "सालदाराले पाडव्याले तरी सुट्टी भेटते," सर म्हणायचे. "याले तेही नाई. झोपले तुम्ही, तो कामावर. भांडले तुम्ही, तो डबल कामावर. आन् याले तुम्ही देता काय? खर्रा."

हे शेवटचं मला उद्देशून असायचं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा तेव्हा माझ्या खिशात कायम असे. सर बोलता बोलता माझ्या खिशात हात घालून पन्नी काढायचे आणि सगळ्यांसमोर खिडकीबाहेर टाकायचे. "तोंडात नाई जी, नळीत कोंबून राह्यले तुम्ही हे," म्हणायचे. मी मधल्या सुट्टीत दुसरा घोटून आणायचो.

सहावीच्या मुलांना सगळीकडे निसर्गचित्र शिकवतात. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. सर म्हणायचे, मूठ आवळा, हृदय एवढंच असतं. आता ती मूठ काढा. आता तिच्यावर नळ्या काढा, भिंतीवर पिंपळाची मुळं चढतात तशा. "बदाम काढला तर कागद फाडीन," अशी धमकी असे. मुलं मन लावून लाल-निळ्या मुठी काढायची. एकदा एका मुलीचा बाप शाळेत आला.

"सर, माही पोरगी जेवत नाई जी. मटनात तेच दिसते म्हणते."

"मंग चांगलंच झालं ना," सर म्हणाले. "मटन कमी खाईन ती."

त्यानंतर मुख्याध्यापकांनी ताकीद दिली की यापुढे डोंगर आणि सूर्यच. सरांनी डोंगर शिकवले, पण त्यांचे डोंगर नीट पाहिले तर मुठींसारखेच असायचे.

आता मला गोंधळात टाकणारी गोष्ट सांगतो. हृदयाबद्दल एवढं बोलणारा हा माणूस बाजाराच्या दिवशी तर्री-पोहे खायचा. दोनदा. तर्रीवर बोटभर तेलाचा लाल थर. मी विचारलं तर म्हणाले, "तिखटानं नळ्या साफ होतात." भजी चालतात, कारण भजी कागदावर ठेवली की तेल कागद पितो, आपण नाही. तूप मात्र विष. हे ते इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचे की थट्टा आहे की विश्वास, हे मला कधी कळलं नाही. हमरस्त्यावर सिमेंट कारखान्यांची धूळ म्हणून ते तिथे फिरायला जात नसत. आठवडी बाजारात, हातात पिशवी न घेता, भराभर गोल गोल चालायचे. भाजीवाले वैतागायचे. "घ्याचं नाई तर काऊन घुमून राह्यले जी?" सर न थांबता त्यांनाच उत्तर द्यायचे, "तुम्हीही उठा, बसून बसून सालदार लठ्ठ होईन तुमचा."

त्यांच्या या वेडामागे एक कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ घुग्घुसला कोळशाचा ट्रक चालवायचे. एक दिवस त्यांनी ट्रक रस्त्याच्या बाजूला नीट लावला, ब्रेक ओढला, आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवलेले ते लोकांना सापडले. केबिनमध्ये सोड्याची रिकामी बाटली होती. सर ही गोष्ट सांगायचे तेव्हा दुःखाने सांगत नसत, कोडं घातल्यासारखी सांगत. "गाडी बाजूले लावली त्यानं. ब्रेक लावला. उतरून सोडा आणला. म्हणजे टाइम होता ना त्याच्यापाशी? गॅस समजून बसला तो. मास्तर, तुम्ही हिशेबवाले, सांगा बरं, तेवढ्या टाइमात दवाखाना आला असता का नाई?"

मी गणिताचा शिक्षक. मनातल्या मनात घुग्घुस ते चंद्रपूर अंतर मांडलं आणि विषय बदलला.

मग ते लग्न झालं. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं, मुलचेऱ्याला. आम्ही सगळे गेलो होतो. मुहूर्ताला थोडाच वेळ राहिला होता आणि नवरीचा मामा मांडवाच्या खांबाला टेकून घाम पुसत होता. मामाने नवरीला मांडवात आणायचं, असा आमच्याकडे रिवाज. सरांनी त्याला पाहिलं आणि हातातला पंगतीच्या पत्रावळींचा गठ्ठा खाली ठेवला. मनगट धरलं.

"छातीत काही वाटते का जी?"

"वाटते थोडं भरल्यासारखं," मामा म्हणाला. बिचारा.

त्यानंतर काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. सरांनी ओरडून खाट मागवली, मामाला तिच्यावर आडवं केलं, चौघांना लावून खाट पिकअप गाडीत चढवली आणि स्वतः मामाच्या डोक्याशी बसले. मामा उठायला बघत होता, सर त्याला दाबून धरत होते. "हलू नका, अटॅक हाय!" नवरी मांडवाबाहेर रडत उभी. शेवटी तिला शेजारच्या कोणा काकांनी आणलं, अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि मग मामा परत आला. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली होती, काही निघालं नव्हतं. निर्वासित म्हणून गावात वसलेल्या बंगाली शेजाऱ्यांनी लग्नाला रसगुल्ल्यांचा डबा पाठवला होता आणि मामाने सकाळपासून एकट्याने त्यातले निम्मे संपवले होते. मोठा ढेकर देऊन तो बरा झाला. पण भाचीचा हात धरायचा राहिला म्हणून तो सरांच्या अंगावर धावून गेला. "मेलो असतो तं बरं होतं रे! तुह्या बापाचं काय जात होतं?"

परतीच्या गाडीत सगळे हसत होते आणि सर खिडकीशी गप्प बसले होते. तेव्हा मी म्हणालो, "अटॅक सर, जरा माही पण नाडी पाहा." सगळी गाडी हसली. सरही हसले.

ते नाव मी ठेवलं. आठवड्याभरात ते पोरांच्या तोंडी गेलं, मग पानठेल्यावर, मग बसस्टँडवर. सरांनी कुणाला काही म्हटलं नाही. फक्त हळूहळू मनगट धरणं बंद झालं. भेटले की नुसता नमस्कार करायचे. मला ते जाणवलं होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतरच्या मे महिन्यातली ती दुपार. शाळेला सुट्टी होती. मुख्याध्यापकांनी सरांना कुंपणाच्या भिंतीवर वाघ रंगवायला सांगितला होता आणि शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या म्हणून मी ऑफिसात बसलो होतो. वहिनी राजुऱ्याला बहिणीकडे गेल्या होत्या, जाताना मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, लक्ष ठेवजा. हे उन्हात उभे राहतीन." सर सकाळपासून उन्हात उभेच होते. चंद्रपूरकडचं ऊन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आम्ही खिशात कांदा ठेवतो. कुणी मटकन बसला, कुणाला घाम सुटला, मळमळलं, की आम्ही दुसरा विचारच करत नाही. ऊन लागलं. कांदा चोळा, पन्हं पाजा, सावलीत झोपवा. पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आलो आहोत आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

सर जेवणाच्या सुमारास आत आले. चेहरा राखेसारखा झाला होता, शर्ट पिळून काढावा इतका ओला.

"काय झालं जी?"

"काई नाई. गरगरून राह्यलं."

मी दोन बाकं जोडली, शर्ट काढून खुर्चीवर टाकला, त्यांना पंख्याखाली निजवलं. तेव्हा त्यांनी ते सांगितलं. जबडा दुखतोय, हात जड पडलाय. आणि माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाले काय वाटते?"

जगाला सांगत फिरणारा माणूस मला विचारत होता. आणि माझ्या ओठांवर, देवाशपथ, हसू आलं. फार नाही. एका कोपऱ्यात. त्यांनी ते पाहिलं.

"ऊन लागलं सर तुम्हाले," मी म्हणालो. "सकाळपासून उभे आहात."

"हो," ते लगेच म्हणाले. "ऊनच असंन."

मग मी हसलो नाही. खरंच नाही. मी खिशातला कांदा फोडला आणि त्यांच्या तळपायांना चोळत बसलो. मनापासून चोळत होतो. आजवर त्यांना इतकं छळलं, निदान आता सेवा करावी, असं काहीतरी मनात होतं. पाय थंडगार होते. मला वाटलं, कांद्याच्या रसाने झाले असतील. डब्याबरोबरचं पन्हं पाजलं, ते उलटून पडलं. मला वाटलं, पित्त. ते डोळे मिटून पडले, मला वाटलं, झोप लागली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. ऊन कललं तेव्हा त्यांचा श्वास वेगळाच यायला लागला, आणि मग मात्र मी घाबरलो, गाडी मागवली. चंद्रपूरला पोचलो तेव्हा दिवे लागत होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. रागावली नाही, समजावून सांगितलं. हृदयाला स्वतःला रक्त पोचवणाऱ्या नळ्या असतात, त्यातली एक बंद पडली. बंद राहील तितका वेळ त्या बाजूचा स्नायू मरत जातो. नळी आता उघडली, पण मेलेला भाग परत येत नाही. "दुखणं छातीतच येतं असं नाही," ती म्हणाली. "जबडा, खांदा, हात, पाठ, कधी नुसतं पोटात. उन्हाने माणूस पडतो तेव्हा अंग तापलेलं असतं. यांचं अंग कसं होतं?"

"थंड," मी म्हणालो. माझ्या हातांना ते आठवत होतं.

सरांचा शर्ट माझ्या हातात होता. त्याच्या खिशात एका कागदाच्या पुडीत रक्त पातळ करणारी गोळी होती. दुसऱ्या कुणाला अटॅक आला तर चघळायला द्यायची म्हणून ते ती कायम जवळ ठेवायचे. शर्ट मी काढला होता. पण त्यांनी मागितला का नाही? बाकापासून खुर्ची हातभर लांब होती. याचा मी खूप विचार केला आहे आणि काही हाती लागलेलं नाही.

तेवढ्यात वहिनी आल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि मी ते उत्तर दिलं. विचार करून दिलं नाही. तोंडातून आलं. पण नंतर ते बदललंही नाही.

सर वाचले. घरी आले. हृदय आता पूर्वीइतकं रक्त ढकलत नाही. चपलेचा पट्टा लावला तरी धाप लागते. गोळ्या वेळेवर घेतात, तर्री सुटली, मीठ कमी झालं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच हळूहळू चालतात. मी खर्रा सोडला, मधे परत धरला, परत सोडला. आणि दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागलो. वहिनी चहा द्यायच्या, आणि चहाबरोबर सरांना बोलायच्या.

"सारी दुनिया धुंडली अटॅक कोणाले येते म्हणून. मामाले खाटेवर टाकून नेलं. आन् सोताले आला तं तोंड शिवलं! का हो? भाऊ बसले होते ना बाजूले? सांगाले काय झालं होतं? मले रांडव करायची हौस होती का?"

सर खाली बघायचे. मी कपातल्या चहाकडे बघायचो. दर रविवारी असं. मला वाटायचं, आज ते सांगतील. सांगितलं तर बरं होईल, असंही वाटायचं, आणि त्यांनी तोंड उघडलं की मीच घाईघाईने दुसरा विषय काढायचो. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

शेवटी मीच एकदा बाजारात विचारलं. ते हळूहळू चालत होते, मी बाजूला.

"सर, त्या दिवशी तुम्ही मले सांगतलं होतं."

"काय?"

"जबड्याचं. हाताचं."

ते टमाट्यांच्या ढिगापाशी थांबले. दम घेतला. "सांगतलं होतं का? मले तं आठवत नाई." आणि लगेच पुढे, "तुम्ही पाय चोळून राह्यले होते, ते आठवते. लय बरं वाटत होतं जी. मले वाटलं, आता अटॅक म्हणलं तं हे पाय सोडतीन आन् हसतीन."

"म्हणजे तुम्हाले समजलं होतं?"

"मले रोजच समजे ना!" ते हसले, आणि हसण्यानेही त्यांना धाप लागली. "भाऊ गेला तवापासून रोज माहा हात छातीवर जाये. रोज वाटे, आला. त्यातला खरा दिवस कोणता, ते मले तरी कसं समजन?"

"मंग वहिनीले काऊन नाई सांगत? त्या तुम्हाले बोलतात."

"मले बोलते तं तिचा जीव हलका होते. तुम्हाले बोलली असती तं तुम्ही येणं बंद केलं असतं."

त्यांना आठवत होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही. एका दमात दोन्ही म्हणाले. मी घरी गेलो, जेवलो नाही. त्यांनी मला वाचवलं होतं का? की त्यांना फक्त रविवारी कोणीतरी यायला हवं होतं? की मीच स्वतःला बरं वाटावं म्हणून तसा अर्थ लावत होतो?

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. सर बाजूच्या खुर्चीवर. चहा यायच्या आधीच मी बोललो, नाहीतर परत राहिलं असतं.

"वहिनी, यायनं मले सांगतलं होतं. जबडा दुखते म्हणून. हात जड पडला म्हणून. मी ऊन लागलं म्हणलं."

सर म्हणाले, "जाऊ द्या जी, मास्तर."

वहिनींचे हात थांबले नाहीत. एक चिंच फोडली, चिंचोके बाजूला काढले. "कधी सांगतलं?"

"दुपारी. जेवणाच्या टाइमाले."

"आन् दवाखान्यात नेलं दिवे लागल्यावर."

"हो."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर मुलांसारखे नखं बघत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या. चिंचेने चिकट झालेले हात तसेच मांडीवर ठेवले.

"एवढे दिवस इथी बसून चहा पेले तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी याहिले बोलत होती आन् तुम्ही आइकत होते. आता काऊन सांगून राह्यले?"

याचं उत्तर मी वाटेत पाठ करून आलो होतो. डॉक्टर काय म्हणाल्या, उन्हात सगळेच कसे फसतात, असं बरंच. त्यातलं काही आठवलं नाही.

"चुकलं माहं," मी म्हणालो. "त्याहिनं सांगतलं तवा मी हसलो, म्हणून ते गप्प बसले. आन् मंग तुम्हाले मी खोटं सांगतलं. मले माफ करा वहिनी. सर, तुम्हीही. तुम्ही त्याहिले जे बोलता ना, ते माहं आहे. ते मले बोला. मी येईन, बसून आइकीन."